काचेचं छत: मागच्या सीटवर बसून केलेला रिव्ह्यू

ज्या गाडीबद्दल लिहितोय ती इलेक्ट्रिक आहे, छत पुढून मागेपर्यंत एकच काच, ती उघडत नाही आणि आतून सरकवायचा पडदाही नाही. बाकी गाडी छान आहे, शांत चालते, पिकअप मस्त, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला फक्त छताबद्दल लिहायचंय आणि तेही मागच्या सीटवरून, कारण बहुतेक रिव्ह्यू स्टेअरिंगमागे बसून केलेले असतात आणि आमच्या घरात मागे बसणारेच जास्त, आई, बाबा आणि चाइल्ड सीटमधली मुलगी.

पुढे बसणाऱ्याला खरंच त्रास कळत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर काचेची सुरुवातीची पट्टी आणि विंडशील्डच्या वरची फ्रेम येते, त्यामुळे बरंचसं डोकं सावलीत राहतं, शिवाय एसीचे चार व्हेंट थेट तोंडासमोर. मागे मात्र काच बरोबर डोक्यावर, आणि छत मागे उतरतं झाल्यामुळे ती जवळही येते. बाबा उंच आहेत, त्यांच्या डोक्यात आणि काचेत जेमतेम चार बोटं अंतर राहतं. मागचे व्हेंट पुढच्या दोन सीटच्या मधे खाली, त्यांची हवा लागते गुडघ्याला. म्हणजे पाय गार आणि टाळू गरम अशी अवस्था, आणि ही अवस्था लांबच्या प्रवासात किती थकवते ते आईला विचारा, ती डोक्यावर ओला रुमाल टाकून बसते.

आता गंमत अशी की स्क्रीनवर आकडा २४ च दिसतो आणि तो खोटा नसतो, हवा खरंच तेवढी असते. पण एसीचा सेन्सर हवेचं तापमान मोजतो, आणि डोक्याला जे जाणवतं ते हवेमुळे नाही, वरून येणाऱ्या किरणांमुळे. थंडीच्या दिवसात उन्हात उभं राहिलं की हवा गार असूनही अंग तापतं ना, तेच. बऱ्याच गाड्यांमध्ये ऊन किती आहे ते बघणारा वेगळा सेन्सर असतो पण तो डॅशबोर्डवर, विंडशील्डखाली, मागच्या माणसाच्या डोक्यावर काय चाललंय याची त्याला खबरच नसते. म्हणून मागचे म्हणतात गरम होतंय आणि पुढचे म्हणतात अरे २४ वर आहे की, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

शोरूममध्ये सगळीकडे एकच वाक्य ऐकायला मिळतं, काच ९९ टक्के यूव्ही अडवते. हे बरोबर आहे, दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच यूव्ही जवळपास पूर्ण अडवते आणि त्वचेसाठी ते चांगलंच. पण उन्हातल्या एकूण ऊर्जेत यूव्हीचा वाटा जेमतेम काही टक्के असतो. साधारण निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते आणि उरलेली बहुतेक आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशात, आणि तो प्रकाशही सीटवर, केसांवर, काळ्या डॅशवर पडला की त्याची उष्णताच होते. त्यामुळे यूव्हीचा आकडा ऐकून गरम होणार नाही असं समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारायचा आकडा वेगळा, एकूण सौर ऊर्जेपैकी किती आत येते तो.

हा आकडा का महत्त्वाचा ते जरा मांडून बघू. भर दुपारी स्वच्छ उन्हात, उन्हाकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट पडतात. समजा छताची काच तेवढी आहे आणि ती चांगल्यातली, फक्त २० टक्के आत सोडणारी आहे, तरी २०० वॉट आत आले. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता निघते, म्हणजे गाडीत दोन माणसं जादा बसवल्यासारखं झालं, आणि ती सगळी उष्णता वरून, डोक्यावर. काच साधी असेल तर यापेक्षा बरंच जास्त.

आणि काच गडद आहे म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही. गडद काच ऊन अडवते म्हणजे बरचसं स्वतः पिते, मग तीच तापते आणि तापलेली काच खाली उष्णता सोडत राहते. गाडी पळत असली की बाहेरच्या वाऱ्याने ती थोडी गार होते पण सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये अडकलं की परत सुरू. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मागे बसा आणि काचेला न लावता तळहात तिच्याखाली धरा, बोटभर अंतरावरूनही झळ लागते. पत्र्याचं छतही तापतं, उलट बाहेरून हात लावला तर जास्तच चटका बसेल, पण त्याच्याखाली हेडलायनर म्हणजे छताचं आतलं अस्तर असतं, फोम असतो, मधे हवेची फट असते, ती झळ डोक्यापर्यंत येत नाही. काचेखाली काहीच नाही. ज्या कंपन्या काचेत चांदीचा अतिशय पातळ थर देतात, जो इन्फ्रारेड बाहेरच परतवतो, आणि आतल्या बाजूला लो-ई कोटिंग देतात, म्हणजे तापलेली काचही खाली कमी उष्णता सोडते, त्यांच्या छताखाली खूप फरक पडतो. हे दोन्ही आहे का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना. चाइल्ड सीटमुळे मुलगी उंचावर बसते, पट्टे बांधलेले, त्यामुळे ऊन अंगावर आलं तरी तिला सरकता येत नाही, आपण निदान इकडचे तिकडे होतो. गाडी वळली की उन्हाचा पट्टा तिच्या मांडीवरून तोंडावर येतो आणि ती डोळे घट्ट मिटून रडायला लागते. बकलचा धातूचा भागही तापतो, लावायच्या आधी हात लावून बघायची सवय लावून घ्या. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, हे विसरून चालणार नाही.

आता सनशेडबद्दल. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये पडदा का देत नाहीत त्याला कारण आहे, बॅटरी फ्लोअरखाली असल्यामुळे बसायची जागा वर येते, मग डोक्याला जागा मिळावी म्हणून हेडलायनर आणि पडद्याची यंत्रणा काढून टाकतात. टेस्ला तर आपल्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय साठी छताची शेड स्वतःच वेगळी विकते. माझं स्पष्ट मत आहे की असं छत देत असाल तर शेड गाडीसोबतच यायला पाहिजे, ती हौसेची वस्तू नाहीये, मागे बसणाऱ्याची गरज आहे.

आम्ही बाहेरची घेतली, क्लिपवर बसणारी, दोन थरांची. नुसती काळी जाळी लावली तर डोळ्यावरची तिरीप जाते पण झळ फारशी कमी होत नाही, जाळी स्वतःच तापते. तिच्यावर काचेकडे तोंड करून चंदेरी थर चढवला की मात्र फरक लगेच कळतो, कारण काचेतून आलेल्या प्रकाशाचा बराच भाग तो परत बाहेर पाठवतो. आईने रुमाल काढला त्या दिवसापासून. तोटे पण आहेत, खड्ड्यातून गेलं की शेड मधोमध लोंबते आणि बाबांच्या डोक्याला टेकते, मागच्या कडेची एक क्लिप सतत सुटते, घडी घालायची म्हणजे रिंगला पीळ द्यावा लागतो आणि तो एकट्याने जमत नाही. आणि काचेतून आत आलेली उष्णता शेड आणि काच यांच्यामधे साठते, शेड काढताना तिथली गरम हवा हाताला लागते. तरी पाचपैकी चार देईन, मागच्या सीटसाठी घ्याच.

एक फुकटचा उपाय, पुढचे मधले व्हेंट वरच्या दिशेने करा आणि फॅन वाढवा. गार हवा छताला घासत मागे जाते आणि मागच्यांच्या डोक्यावर उतरते. पुढच्यांना थोडी कमी लागेल, चालतं. निघायच्या आधी चार्जरला असतानाच अॅपवरून गाडी गार करून घेतली तर आणखी बरं.

बटण दाबलं की गडद होणाऱ्या काचा आता बऱ्याच गाड्यांत येतायत, मर्सिडीजने २०११ च्या एसएलके मध्येच तशी दिली होती. पण सगळ्या एकसारख्या नसतात, ज्या काचा बटण दाबल्यावर दुधाळ होतात त्या प्रकाश विखुरतात, पूर्ण अडवत नाहीत, म्हणून तिरीप जाते पण उष्णतेत तेवढा फरक पडेलच असं नाही. पुढची गाडी घेताना मी तरी खरा सरकणारा जाड पडदा असलेलीच बघणार, नाहीतर सरळ पत्र्याचं छत.

टेस्ट ड्राइव्हला जाताना सकाळी किंवा संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा ऊन बाजूच्या काचांतून येतं, छतातून नाही. दुपारी जा, गाडी आधी उन्हात उभी करायला सांगा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवून अर्धा तास फिरा. सेल्समन वीस मिनिटांत परत आणू बघेल, आणू देऊ नका.

काचेला सिरॅमिक फिल्म लावायचा विचार चालू आहे. दुकानदार ९५ टक्के आयआर रिजेक्शन, म्हणजे इतकं इन्फ्रारेड अडतं असं सांगतात पण तो आकडा बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एका छोट्या पट्ट्यावर मोजलेला असतो, एकूण उन्हाचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के अडते तो, तोच मागा. आणि ऊन शोषून घेणारी फिल्म आधीच गडद असलेल्या काचेला लावली तर काच जास्त तापून तडकू शकते, म्हणून फिल्म लावल्यावर छताची वॉरंटी राहते का हे कंपनीला ईमेलवर विचारलंय, तोंडी हो म्हणालेत पण लेखी उत्तर आल्याशिवाय लावणार नाही.