राजारामपुरीतलं सोनोग्राफी सेंटर: वेळ खातात, पण बघतात नीट

आमचे आबा, वय 68, चाळीस वर्षं बिडी. मुतखड्यासाठी उपाशीपोटी नेलं, तर दीड तास नुसतं बसवून ठेवलं. गाडी लावायला जागा नाही ती नाहीच. पण डॉक्टरबाईंनी खडा बघून सोडून दिलं नाही. पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी मुख्य नळी, 4.3 सेंमीपर्यंत फुगलेली सापडली; एरवी ती साधारण 2 सेंमी असते. आबांना काडीचा त्रास नव्हता! बाई म्हणाल्या, "सायकलच्या ट्यूबला फुगा येतो बघा, तसं. साडेपाच सेंमीच्या आत आहे तोवर लक्ष ठेवायचं. पुढं गेलं तर जांघेतून स्टेंट घालतात, नाहीतर पोट उघडून ऑपरेशन." बिडी त्याच दिवशी बंद सांगितली. आबा रंकाळ्यावर चोरून ओढतात, तो भाग वेगळा. सहा महिन्यांनी परत तिथंच नेणार, फक्त सकाळी आठलाच नंबर लावून.