हॅरी पॉटर संपल्यावर काय वाचावं: पर्सी, आरू, गेड आणि टिफनी

माझ्या भाचीनं मार्चअखेरीस 'हॅरी पॉटर'चा सातवा भाग मिटला आणि दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "अक्का, हिला आता पुढं काय द्यायचं गं? दुकानात गेलं की नुसती जाडजूड पुस्तकं. सगळ्या कव्हरांवर तलवारी आणि ड्रॅगन. त्यातलं कुठलं घ्यावं काही कळत नाही."

फोनवर दिलेलं उत्तर अपुरं होतं. हाच प्रश्न आमच्या जुळे सोलापुरातल्या आणखी दोन-तीन घरांतून आला, म्हणून आता नीट लिहिते. मुलं बारा ते पंधरा वयाची, 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून सुरुवात करून हॅरी मराठीतून वाचलेली, इंग्रजी शाळेपुरतं बरं. समोर सोलापूरचा उन्हाळा आहे. अकरा वाजले की रस्ते ओस पडतात आणि संध्याकाळपर्यंत घरातच बसावं लागतं. अशा मुलासाठी इंग्रजीतली पहिली फँटसी निवडायची आहे.

निवडताना मी आधी बघते की भाषा झेपेल का. मग बघते की पहिल्या पन्नास पानांत गोष्ट मुलाला धरते का. पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न वेगळा आहे. त्या जगातली जादू फुकट मिळते की तिची किंमत मोजावी लागते? जिथं किंमत मोजावी लागते, ती पुस्तकं मुलं पुन्हा वाचतात. मी स्वतः तीच पुन्हा वाचते.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे पर्सी जॅक्सन. रिक रायर्डन हे शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मुलाला वाचताना अक्षरं लागत नव्हती आणि एका जागी बसवत नव्हतं. झोपताना त्याला ग्रीक पुराणकथा सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा नवी कथा रचावी लागली. तिचा नायक पर्सी. त्यालाही डिस्लेक्सिया आहे, त्याचंही लक्ष टिकत नाही. पुस्तक म्हणतं, याची बुद्धी प्राचीन ग्रीक वाचायला घडलेली आहे म्हणून इंग्रजी अक्षरं नाचतात, आणि याला स्वस्थ बसवत नाही कारण याचं अंग लढाईसाठी सावध असतं. वर्गात सतत बोलणी खाणाऱ्या मुलाच्या हातात हे पान पडलं की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलंय. आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा, ज्यानं तोवर एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं, त्यानं हे चार दिवसांत संपवलं.

पहिला भाग 'द लाइटनिंग थीफ' २००५ चा, आणि मूळ मालिका पाच भागांची, २००९ ला पुरी झालेली. वाक्यं छोटी, पर्सी स्वतःच बोलतो, प्रकरण संपतं तिथं पुढचं सुरू करावंसं वाटतं. एक प्रसंग सांगते. पर्सी आणि त्याचे दोस्त लास व्हेगासमधल्या एका हॉटेलात शिरतात. तिथं वाटेल ते खेळ, वाटेल ते खाणं, सगळं फुकट. पर्सी एका मुलाशी बोलतो आणि तो मुलगा सांगतो की हे १९७७ साल आहे. तेव्हा पर्सीला कळतं की इथं वेळ गोठतो. काही तास झाले असं वाटून बाहेर पडतात तर पाच दिवस उलटलेले. ही मूळ होमरची कमळं खाणाऱ्यांची गोष्ट, पण मोबाईलवर दुपार घालवणाऱ्या मुलाला कुणीही समजावून न सांगता ती लागू पडते.

उणं म्हणाल तर जादू बऱ्यापैकी फुकट आहे. पर्सी समुद्रदेवाचा मुलगा, त्यामुळं पाणी त्याचं ऐकतं, झालं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागापासून साचा ओळखीचा होतो: भविष्यवाणी, प्रवास, वाटेत राक्षस, शेवटी लढाई. वाचनाची गोडी लागायची असेल तर याला तोड नाही. गोडी आधीच लागलेल्या मुलीला दोन भागांनंतर ते थोडं पातळ वाटेल.

दुसरी, आरू शाह. रोशनी चोक्शी या अमेरिकन लेखिकेचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम' २०१८ मध्ये आलं, आणि रायर्डन यांच्या नावानं सुरू झालेल्या प्रकाशनमालेतलं ते पहिलं पुस्तक. आरू अटलांटातल्या एका संग्रहालयात आईबरोबर राहते, वर्गातल्या मुलांपुढं थापा मारते, आणि थाप उघडी पडू नये म्हणून जो दिवा कधीच लावायचा नाही तो लावून बसते. मग पांडवांचे आत्मे या जन्मी मुलींमध्ये आलेत हे कळतं. आरूमध्ये अर्जुन, मिनीमध्ये युधिष्ठिर.

इथं आपल्या मुलांची गंमत होते. अमेरिकेतल्या वाचकाला लेखिका जे समजावून सांगते, ते इथल्या पोरांनी आजीकडून आणि टीव्हीवरून आधीच ऐकलेलं असतं. त्यामुळं भाषा अडली तरी अर्थ अडत नाही, आणि पहिल्या इंग्रजी पुस्तकासाठी ही फार मोठी सोय आहे. भाचीनं वीस पानांतच विचारलं, "आणि कर्ण कुठाय?" हा प्रश्न विचारता येणं हाच त्या पुस्तकाचा आनंद. त्यातला नाइट बझार वाचताना तिला आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली रांगेनं लागलेली दुकानं आठवली, पाळण्यांचे दिवे आठवले. अडचण एवढीच की विनोद पुष्कळसा अमेरिकन आहे. तिकडचे सिनेमे, तिकडची दुकानं, तिकडचे बोलायचे लकबी शब्द. ते ओलांडून जावं लागतं. पाच भाग आहेत, शेवटचा २०२२ चा.

पर्सी की आरू, एवढंच ठरवायचं असेल तर मुलगा-मुलगी बघू नका. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याला पर्सी द्या. ज्याला महाभारत आवडतं आणि जो प्रश्न विचारतो, त्याला आरू.

आता माझं सगळ्यात लाडकं पुस्तक. उर्सुला ल ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. १९६८ चं. हॅरीच्या जवळजवळ तीस वर्षं आधी जादूगारांची शाळा यात आहे, पण शाळा हा त्यातला लहानसा भाग. सगळं जग म्हणजे समुद्रात विखुरलेली बेटं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर एक बिनआईचा पोरगा शेळ्या राखतो. त्याची मावशी गावची चेटकीण. छपरावर चढलेल्या शेळीला ती एक शब्द म्हणून खाली बोलावते. दुसऱ्या दिवशी रानात हा पोरगा तोच शब्द शेळ्यांना म्हणून बघतो. शेळ्या येतात. सगळ्या येतात, मुकाट येतात, त्याला वेढून इतक्या दाटीनं उभ्या राहतात की त्याला हलता येईना, त्यांनाही सुटता येईना. तो घाबरून पळत सुटतो आणि शेळ्यांचा गठ्ठा त्याच्याभोवती तसाच पळत गावात शिरतो. बोलावायचं कळलं, सोडायचं कळलं नाही. पुढची सगळी कादंबरी या एका प्रसंगात आहे. मोठेपणी हाच पोरगा, म्हणजे गेड, जादूच्या शाळेतल्या एका मुलाशी चढाओढ करताना, केवळ मानापायी, एक सावली या जगात ओढून आणतो आणि मग ती सावली त्याच्या मागं लागते.

इथं जादू नावात असते. प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची सत्ता चालते. म्हणून माणसं खरं नाव लपवतात आणि हाक मारायला दुसरंच वापरतात. हे मी भाचीला समजावत होते तर माझी आईच मधे म्हणाली, "आमच्यातही पत्रिकेतलं नाव येगळं असतंय की." खरंच आहे. जन्मनाव वेगळं, हाकेचं वेगळं. आणि नवऱ्याचं नाव सरळ न घेता उखाण्यात गुंडाळून घेणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेल्या मुलीला, नावात ताकद असते हे पटवून द्यावं लागत नाही. जादूगाराला काठी मिळते तो भाग आला तेव्हा तिनं आपणहून विचारलं, "सिद्धेश्वरांच्या योगदंडासारखी?" दर संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या जत्रेत कुंभारकन्येचं योगदंडाशी लग्न लागताना जिनं अक्षता टाकल्यात, तिच्यासाठी अर्थसी परका मुलूख नाही. शिवाय गेडचा रंग तांबूस सावळा आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे. लेखिकेनं हे ठरवून केलं, आणि १९६८ साली केलं.

भाषा? हा प्रश्न सगळे विचारतात. पुस्तक लहान आहे, दोनशे पानांच्या आसपास, शब्द फार अवघड नाहीत. पण चाल संथ आहे, जुन्या बखरीसारखी. संवाद कमी. विनोद जवळजवळ नाही. त्यामुळं मुलाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवा. आम्ही रात्री गच्चीवर गाद्या टाकून वाचली, एक परिच्छेद इंग्रजीत, मग अडलं तेवढं मराठीत. शेळ्यांचा प्रसंग झाला तिथं मी थांबले तर ती म्हणाली, "मावशी, पुढं सांग की." तिसऱ्या रात्रीपासून तिला माझी गरज राहिली नाही.

टेरी प्रॅचेट यांची टिफनी एकिंग ही चौथी, आणि तिच्याबद्दल माझं मन दुहेरी आहे. 'द वी फ्री मेन' (२००३) मध्ये नऊ वर्षांची टिफनी नदीतल्या राक्षशिणीला तव्यानं हाणते. हातात तलवार नाही, दांडीचा लोखंडी तवा. ती मेंढपाळाच्या घरातली. तिची आजी डोंगरावर मेंढरं राखत आयुष्य काढून गेली, आणि तिला पुरताना कफनाला लोकरीचा झुबका लावला, म्हणजे देवांना कळावं की ही मेंढपाळ होती. सांगोल्याच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला की आपण गाडी थांबवून बघत बसतो. खांद्यावर घोंगडं घेतलेली ती माणसं किती शहाणी असतात, हे मुलांच्या फँटसीत मला या एकाच लेखकाकडं सापडलं.

पण भाषा अवघड. पुस्तकातली ती इवलीशी निळी माणसं स्कॉटिश ढंगाचं इंग्रजी बोलतात. पुस्तकी मराठीवर वाढलेल्याला आमची 'करायलंय, जायलंय'ची, कानडी-तेलुगू मिसळलेली सोलापुरी पहिल्यांदा ऐकताना जसं होईल, तसं वाचणाऱ्याचं होतं. शाळेपुरतं इंग्रजी असलेलं मूल दहा पानांत पुस्तक ठेवून देईल, आणि एकदा ठेवलं की पुन्हा उचलणं कठीण. म्हणून टिफनी दोन वर्षांनी. मालिका पाच भागांची, शेवटचा २०१५ मध्ये प्रॅचेट गेल्यानंतर आला.

फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'बद्दलही लोक विचारतात. १९९५ चं, तीन भागांतलं पहिलं. त्यात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्याबरोबर चालतो. लहान मुलांचा प्राणी रूपं बदलत राहतो, मोठं झाल्यावर एकाच रूपात स्थिरावतो. वयात येण्याबद्दल याहून सुंदर कल्पना मला माहीत नाही. तिसऱ्या भागात देव आणि धर्मसत्तेविषयीचा वाद फार गंभीर होतो. पंधरा पूर्ण होऊ द्या, आणि बरोबर तुम्हीही वाचा. नुसता ड्रॅगनच हवा असेल तर क्रिस्टोफर पाओलिनी यांचं 'एरागॉन' आहे, लेखकानं पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं. मुलांना आवडतं. मला ते लांबवलेलं वाटतं, पण मुलाला हवंच असेल तर अडवू नका.

पैसे घालताना एक काळजी घ्या. एकदम सगळा संच घेऊ नका. पहिला भाग घ्या, मूल दुसरा मागेपर्यंत थांबा. 'अर्थसी' याबाबतीत सोयीचं, कारण पहिलं पुस्तक एकट्यानंही पूर्ण आहे. आधी तुमच्या वाचनालयात चौकशी करा. हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या पुस्तकांवर आमच्या पिढीतली कितीतरी माणसं वाढली. आणि रस्त्यावरची स्वस्त नक्कल प्रत नको. मी एकदा घेतली होती. ९६ नंतर थेट ११३ वं पान. एक अख्खा फॉर्मा गळलेला, आणि नेमकं त्या सोळा पानांत काय झालं हे विचारत मूल आठवडाभर माझ्या मागं होतं.

बहिणीला शेवटी मी सांगितलं ते असं: घरात वाचून दाखवणारं कुणी असेल तर गेड. नसेल तर आरू. पोरगं पुस्तकाला हातच लावत नसेल तर पर्सी, आणि त्यात काही कमीपणा मानू नका. तिच्याकडं मी होते, म्हणून गेड आला.

भाची आता अर्थसीच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्यात एका मुलीला पाचव्या वर्षी घरातून उचलून देवळाची पुजारीण केलंय, तिचं नावही काढून घेतलंय, आणि ती जमिनीखालच्या भुयारांत हातानं भिंती चाचपत वाटा पाठ करते, कारण तिथं दिवा न्यायला मनाई आहे. परवा संध्याकाळी आमच्याकडं वीज गेली. पुस्तक तिच्या मांडीवर उघडंच होतं. मी टॉर्च शोधायला उठले तर अंधारातून आवाज आला, "थांब की मावशी. तिथं उजेड चालत नाही."