प्रिन्सच्या हौशी लेव्हल्स: तीन संच, चार खेळाडू आणि एक आगंतुक आरसा

प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या गेमची एक हौशी लेव्हल उघडली, प्रिन्स उभा राहिला, मी एक पाऊल पुढे टाकलं आणि जरा बघू तरी कुठे काय आहे म्हणून थांबले. तेवढ्यात पायाखालची फरशी निसटली. खाली खिळे. मेले. दुसऱ्यांदा न थांबता पळाले, तर पुढच्या खोलीत दारातच उघडमीट करणारी पोलादी कातर. परत मेले. तिसऱ्यांदा मी मेले नाही, लॅपटॉपच बंद केला आणि कुकर लावायला गेले.

बघायला थांबणाऱ्या माणसाला मारायचं ही कुठली रीत? हौशी लोकांनी बनवलेल्या लेव्हल्सबद्दल माझं सगळं भांडण या एका फरशीपाशी आहे. कसं ते सांगते.

आधी माझी ओळख. १९९४ साली मी गिरगावात एका छापखान्यात डीटीपीला लागले. ३८६ मशीन, पेजमेकर, मराठी फॉन्टचं डोंगल, आणि लग्नसराई संपली की दुपारभर रिकामपण. त्या रिकामपणात प्रिन्स ऑफ पर्शिया. फ्लॉपीबरोबर कोणीतरी अक्षरांची एक झेरॉक्स यादी दिली होती, कारण पहिल्या लेव्हलनंतर बाटल्यांची खोली लागायची आणि मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यायला सांगायचे, ते अक्षर माहीत नसेल तर तिथेच मुक्काम. मॅन्युअल आमच्यापैकी कोणी जन्मात पाहिलं नव्हतं. ऑफसेट मशीनवरचे काका माझ्या खांद्यावरून बघायचे आणि "अगं शिफ्ट दाब, शिफ्ट!" असं ओरडायचे. हेच काका या परीक्षणात पुन्हा येतील.

गेम तुम्हाला माहीत असेलच. जॉर्डन मेकनरने १९८९मध्ये अ‍ॅपल टू मशीनसाठी केला, १९९०मध्ये डॉसवर आला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून तो प्रिन्स आजही माणसासारखा पळतो आणि थांबताना दोन पावलं घसरतो. बारा लेव्हल्स, साठ मिनिटं, सुरुवातीला तीन प्राण. एक मजला पडलात तर काही नाही, दोन मजले पडलात तर एक प्राण गेला, तीन मजले पडलात तर राम म्हणा.

मला या गेमचं खरं वेड लागलं ते त्याच्या मांडणीमुळे. प्रत्येक खोली म्हणजे दहा रकाने आणि तीन ओळी. तीस चौकोन. एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त चोवीस खोल्या. एका खोलीत फार तर एक पहारेकरी. व्हिजिटिंग कार्डावर माणसाचं नाव, हुद्दा, दुकानाचा पत्ता, दोन फोन नंबर आणि वर गणपती बसवायचा असतो ना, तसं काम आहे हे. जागा तेवढीच. काय कुठे ठेवता यावर सगळं.

आता हे खेळायचं कसं? एसडीएलपॉप नावाची फुकट मिळणारी आवृत्ती आहे, जुन्या डॉस गेमचं मशीन कोड उलगडून नव्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा लिहिलेली. हौशी लेव्हल्सचा फोल्डर तिच्या मॉड्स फोल्डरमध्ये टाकायचा आणि सेटिंगच्या फाइलीत लेव्हलसेटच्या ओळीत त्याचं नाव लिहायचं, बस. स्वतःच्या लेव्हल्स बनवायच्या तर एपोप्लेक्सी नावाचा एडिटर आहे, त्यात चौकोनावर टिचकी मारून भिंत, खिळे, झडप (म्हणजे वर-खाली होणारं जाळीचं दार) हवं ते ठेवता येतं. माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत हेच उद्योग केले.

तर मागच्या रविवारी भांडुपला भावाकडे बैठक बसली. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. खेळाडू चार: मी, लालबागहून खास आलेले काका, भाच्याचा कॉलेजमधला मित्र, आणि वहिनी. वहिनीने आयुष्यात कँडी क्रशपलीकडे काही खेळलेलं नाही. भाचा खेळाडू नव्हता, आरोपी होता.

पहिला संच ४डी प्रिन्स. हा जुना, १९९४चा. तेव्हा आमच्याकडेही फ्लॉपीवर येऊन पोचला होता. नावात चार मिती, गेममध्ये त्याच दोन. ओळखीच्या भिंती, अनोळखी रस्ते. काका म्हणाले, "हा तेव्हाही अवघड होता, आता डोळेही गेले." आम्ही अर्ध्या तासात सोडला. आठवणीसाठी ठीक आहे, जेवणाआधी सुरू करू नका.

दुसरा संच परदेशी, भाच्याच्या मित्राने उतरवून आणलेला. वर सांगितलेली फरशी याच संचातली, मला तो आठवडाभर आधी मिळाला होता. मित्र याचा भक्त आहे. त्याचं म्हणणं, "आत्या, हार्ड म्हणजे हार्डच. प्रत्येक उडीनंतर एफ६ दाबून सेव्ह करायचं, मेलं की एफ९." म्हणजे बनवणाऱ्याने गृहीतच धरलंय की तुम्ही पावलोपावली सेव्ह करणार. मग साठ मिनिटांचं घड्याळ कशाला ठेवलं बाबा? मूळ गेममध्ये तिसऱ्या लेव्हलपर्यंत सेव्हच करता येत नव्हतं. मेलात की लेव्हल पहिल्यापासून, आणि घड्याळ मात्र पुढेच. म्हणून माणूस विचार करून पाय टाकायचा. इथे विचाराला बक्षीस नाही, पाठांतराला आहे. कुठे मरायचं ते एकदा मरून पाठ करायचं. मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला की त्याला पाठ करायला आवडतं. आता यावर काय बोलणार? त्याने माझ्यासमोर एका दमात सहा कातरी पार केल्या आणि ते बघायला खरंच सुंदर होतं. पण ते त्याचं कौशल्य झालं, बनवणाऱ्याचं नव्हे.

तिसरा संच भाच्याचा. पाच लेव्हल्स. आत्या म्हणून नाही, डीटीपीवाली म्हणून लिहिते.

पहिली लेव्हल वहिनीला खेळायला दिली. मुद्दामच. आधी बनवणाऱ्याच्या आईला बसवा, मग जगाला द्या, असा नियमच करायला हवा. वहिनीला कळा माहीत नव्हत्या. तिने चुकून वरचा बाण दाबला, प्रिन्सने जागेवर उडी मारली, आणि पुढच्या दोन फरश्या थरथरल्या. "ताई, हे हलतंय बघा," वहिनी म्हणाली. बस! प्रिन्स ऑफ पर्शियाचं सगळं सभ्यपण त्या थरथरीत आहे. जागेवर उडी मारली की त्या ओळीतल्या सुट्या फरश्या हलून दाखवतात. गेम तुम्हाला मारणार असतो, पण विचारलंत तर आधी सांगतो. भाच्याने सुरुवातीच्या खोलीत घट्ट जमीन ठेवली होती, थांबायला, बघायला, चुकीच्या कळा दाबायला जागा ठेवली होती. दुसऱ्या खोलीत खड्ड्यापलीकडे पहारेकरी दिसतो, पण तिथे जाता येत नाही. तलवार नसताना त्याच्यासमोर गेलात तर एका वारात खेळ खलास, म्हणून आधी लांबूनच दाखवला. वहिनी म्हणाली, "याच्याशी भांडायला काहीतरी घ्यायला हवं ना हातात?" आणि उलटी फिरून तलवार शोधायला गेली. कोणी काही सांगितलं नव्हतं. इथे मी भाच्याच्या पाठीत धपाटा घातला, कौतुकाचा.

दुसरी लेव्हल वादाची. या गेममध्ये प्रत्येक खोलीच्या डावी, उजवी, वर, खाली कोणती खोली लागते ते वेगवेगळं लिहिलेलं असतं. त्यामुळे उजवीकडून बाहेर पडलात आणि लगेच डावीकडे परतलात तर त्याच खोलीत याल असं बंधन नाही. भाच्याने हेच केलं. जाताना एक खोली, परतताना दिसायला तीच पण दुसरी. काका पंधरा मिनिटं गोल गोल फिरले आणि वैतागले. "हे म्हणजे दादरच्या प्लॅटफॉर्मसारखं झालं," म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. डिसेंबर २०२३मध्ये दादरला मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मांचे नंबर बदलले, एकचा आठ झाला, तेव्हा चाळीस वर्षं त्या पुलावरून उतरणारे काका महिनाभर चुकीच्या जिन्याने उतरत होते. मित्राने मात्र या लेव्हलला दहापैकी दहा दिले.

मी सात दिले. कारण पाचव्या फेरीला माझ्या लक्षात आलं की पहिल्या खोलीत भिंतीवर दोन मशाली आहेत आणि परतताना लागणाऱ्या खोलीत एकच. म्हणजे पोराने सांगितलं होतं! दादरलाही नवे बोर्ड लावलेच होते, आपण वर बघत नव्हतो. पण एक गोष्ट खटकली. ती मशाल डाव्या कोपऱ्यात, आणि खेळणाऱ्याची नजर असते उजवीकडच्या झडपेवर. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ घडीत गेली तर छापून उपयोग काय? मशाल झडपेशेजारी हवी. भाच्याला हे कागदावर तीस चौकोन आखून दाखवलं.

तिसरी लेव्हल टुकार. त्याला एकदम तीन पहारेकरी अंगावर सोडायचे होते, गेम एका खोलीत एकच देतो, म्हणून त्याने लागोपाठ सहा खोल्या आणि प्रत्येकात एक पहारेकरी अशी रांग लावली. टिंग टिंग, मेला. टिंग टिंग, मेला. रेशनच्या रांगेत यापेक्षा जास्त घडतं. चौथ्याला मी 'प्रिन्स मेगाहिट' हा फसवाफसवीचा जुना मंत्र लिहून गेम पुन्हा उघडला आणि के दाबून पहारेकरी मारत सुटले. मित्राने तोंड वाकडं केलं. काका खूश झाले, त्यांना तीस वर्षांनी मेगाहिट आठवलं.

आता चौथी. इथे सगळे गप्प झाले.

साधी लेव्हल होती. बटण दाबून बाहेर जाण्याचं दार उघडायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. दार उघडलं, मी परत फिरले, आणि येताना मोकळ्या असलेल्या खोलीत, वरच्या ओळीत, बरोबर वाटेवर, एक आरसा उभा. संगीत वाजलं. आरशात मी. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मित्र म्हणाला, "भाई, काय टाकलंयस हे!" सुटकेचं दार उघडलं आणि वाटेत आपणच आडवे. मी तर मनातल्या मनात दहापैकी दहा देऊन टाकले.

भाचा मात्र पांढरा पडला होता. "आत्या, हे मी ठेवलेलंच नाही."

झालं होतं असं. मूळ गेमच्या चौथ्या लेव्हलमध्ये दार उघडल्यावर आरसा येतो, हे लेव्हलच्या नकाशात नसतं, गेमच्या कोडमध्ये असतं: लेव्हल चौथी, खोली क्रमांक चार, दार उघडलेलं, तर आरसा ठेवा. नकाशा कोणाचा आहे याच्याशी कोडला देणंघेणं नाही. भाच्याची वाट योगायोगाने खोली क्रमांक चारमधून जात होती. आठव्या लेव्हलमधला उंदीरही तसाच. राजकन्येने पाठवलेला तो पांढरा उंदीर येऊन बटणावर बसतो आणि अडकलेल्या प्रिन्सची झडप उघडतो, माझ्या मते संपूर्ण गेममधला सगळ्यात प्रेमळ क्षण. त्याचीही लेव्हल नंबराने ठरलेली. भाच्याचा संच पाच लेव्हल्सचा, म्हणून उंदीर आला नाही.

मग वाद सुरू. मित्र म्हणाला, चुकून आला तरी चांगलाच आहे, ठेव. काका म्हणाले की छपाईत चुकून शाई सांडून नक्षी झाली तर गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. वहिनी म्हणाली, पण पुढे जायचं कसं? तिचा प्रश्न खरा. आरशातून जायला उजवीकडून धावत येऊन उडी मारावी लागते, मग आपली सावली वेगळी होऊन पळते आणि आपल्याकडे एकच प्राण उरतो. ज्याने मूळ गेम खेळलेला नाही त्याला हे कसं कळावं? मूळ गेममध्येही फारसं सांगितलेलं नाही, हे कबूल करते. पण तिथे निदान दुसरी वाट नसते, म्हणून माणूस शेवटी उडी मारून बघतो. इथे खाली एक खड्डा होता, सगळे आधी त्यात जाऊन मेले. नशिबाने धावायला चार चौकोन जागा होती, नाहीतर लेव्हल संपलीच नसती. माझं मत: आरसा ठेवावा, खड्डा बुजवावा.

पाचवी लेव्हल झडपांची. चार झडपा, चार बटणं, एक बंद व्हायच्या आत पुढची गाठायची. मित्राला जमली, मला नाही. तोपर्यंत साडेनऊ वाजले होते आणि काकांना लालबागला परतायचं होतं.

गुण विचाराल तर ४डीला चार, परदेशी संचाला पाच, त्यातला एक मित्राच्या कातरींसाठी. भाच्याला साडेसात. तिसरी लेव्हल काढली तर आठ.

काल रात्री त्याने दुसऱ्या लेव्हलची नवी फाइल पाठवली. मशाल झडपेशेजारी आलीय. चौथीतला खड्डा मात्र तसाच आहे, आणि खाली निरोप: "आत्या, मित्र म्हणतो खड्डा राहू दे. आई म्हणते बुजव. काका काय म्हणतात विचार ना."