छोट्या ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक डंपिंग ट्रॉली : आठ महिन्यांच्या वापरानंतर

२४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे सुमारे एक टन माल वाहणारी, एका जॅकवर उचलली जाणारी डंपिंग ट्रॉली अशी जोडी मी आठ महिन्यांपासून वापरतो आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस तिच्यातून मुरूम, खडी, शेणखत किंवा छाटणीच्या फांद्या यांपैकी काही ना काही जात असते. ट्रॉली घेण्यापूर्वी माझी सगळी चौकशी एकाच प्रश्नाभोवती फिरत होती, तो म्हणजे एवढासा ट्रॅक्टर भरलेला हौदा उचलेल का. आज मागे वळून पाहताना वाटते की त्या प्रश्नाची मी गरजेपेक्षा जास्त धास्ती घेतली होती. हौदा उचलणे ट्रॅक्टरला पहिल्या दिवसापासून जमले. तो सावकाश खाली आणणे आणि जॅकमध्ये जाऊन परत येणारे तेल सांभाळणे हे मात्र मला शिकावे लागले.

उचलण्याच्या ताकदीचा हिशोब कागदावर मांडता येतो आणि प्रत्येकाने तो खरेदीपूर्वी मांडावा. माझ्या जॅकच्या नळीचा आतील व्यास ७५ मिलीमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर आहे. ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणारी झडप, १५० बार दाबाला उघडतो, तेव्हा जॅक जास्तीत जास्त साडेसहा टनांच्या थोडा वर जोर लावू शकतो. हा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण हौदा आडवा असताना जॅकही जवळजवळ आडवाच पडलेला असतो. माझ्या ट्रॉलीत तो सुरुवातीला जमिनीशी साधारण २० अंशांचा कोन करतो, आणि त्या कोनात साडेसहा टनांपैकी जेमतेम सव्वादोन टन जोर सरळ वरच्या दिशेने मिळतो. बाकीचा जोर चेसिस आणि बिजागरी यांना ताणण्यात जातो. एक टन माल आणि हौद्याचे स्वतःचे वजन यांना सव्वादोन टन पुरतात, तरीही उरलेली शिल्लक फार मोठी नाही. म्हणूनच माल पुढच्या फळीला टेकवून भरला की पहिले दोन-तीन अंश हौदा नाखुशीने सुटतो, आणि एकदा १० अंशांवर गेला की पुढचे काम हलके होत जाते. ट्रॉली पाहायला गेलात तर जॅकच्या टनांपेक्षा तो कोणत्या कोनात बसवला आहे हे आधी पाहा.

याच संदर्भात एक गैरसमज मला अनेकांकडे दिसला आणि सुरुवातीला माझ्याकडेही होता. हौदा सुटत नसेल तर रेस वाढवावी असे हाताला आपोआप वाटते. पंप इंजिनवर फिरतो, त्यामुळे रेस वाढवली की मिनिटाला जास्त तेल येते. दाबाची मर्यादा मात्र रिलीफ व्हॉल्व्हने ठरवून दिलेली असते आणि ती रेसबरोबर वाढत नाही. माझ्या जॅकची दांडी ४५० मिलीमीटर बाहेर येते, म्हणजे पूर्ण उचलायला सुमारे दोन लिटर तेल लागते. पूर्ण रेसवर पंप मिनिटाला २० लिटर देतो, तेव्हा हौदा सहा-सात सेकंदांत उभा राहतो. निम्म्या रेसवर तेच काम बारा-तेरा सेकंदांत होते. मी नेहमी निम्म्या रेसवर उचलतो, कारण माल घसरू लागल्यावर थांबायला तेवढा वेळ हाताशी असावा लागतो. हौदा हलत नसून रिलीफ व्हॉल्व्हची किरकिर ऐकू येत असेल, तर लिव्हर लगेच सोडावा आणि पुढच्या बाजूचा थोडा माल फावड्याने मागे ओढावा. लिव्हर धरून ठेवल्याने फक्त तेल तापते.

ताकद कोठून घ्यायची याचे तीन मार्ग होते. पहिला म्हणजे ट्रॉलीवरच १२ व्होल्टचा मोटर-पंप आणि स्वतंत्र बॅटरी. ओळखीच्या एका माणसाची अशी ट्रॉली मी पूर्वी काही आठवडे चालवली होती. तिचा मोठा फायदा असा की ट्रॅक्टरच्या तेलाशी तिचा काहीही संबंध येत नाही आणि ती कोणत्याही गाडीमागे जोडता येते. पण अशी मोटर भाराखाली शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते, आणि छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून सगळे काम बॅटरीतल्या साठ्यावर चालते. दिवसाला पाच-सहा खेपांपर्यंत ते निभावते. त्यापुढे दर खेपेला हौदा अधिकाधिक सुस्त होत जातो. दुसरा मार्ग पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, बसणारा पंप आणि वेगळी टाकी हा होता. तो चांगला आहे, पण ज्या ट्रॅक्टरला मागे हायड्रॉलिकची तोटी, म्हणजे दाबाचे तेल बाहेर देणारे तोंड, आहे त्याला त्याची गरज नाही. माझ्या ट्रॅक्टरला मागे लिव्हरवर चालणाऱ्या दोन तोट्यांची एक जोडी होती, म्हणून मी तिसरा मार्ग घेतला आणि जॅक थेट तिथे जोडला. या निवडीबद्दल मी समाधानी आहे.

अडचण उतरवताना आली. माझा जॅक एकतर्फी आहे, म्हणजे तेल एकाच नळीने आत जाते, हौदा उचलते आणि हौद्याच्या वजनाने त्याच नळीने परत येते. ट्रॅक्टरचा लिव्हर मात्र दुतर्फी, म्हणजे दोन्ही दिशांना तेलानेच ढकलल्या जाणाऱ्या, जॅकसाठी बनवलेला आहे. पहिले तीन आठवडे मी उचलायला लिव्हर मागे आणि उतरवायला पुढे ढकलत होतो. हौदा खाली येत होता, पण त्या सगळ्या वेळात ट्रॅक्टरमधून एक बारीक, चिरका आवाज येत राहायचा आणि दिवसाअखेरीस ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी कवचाला हात लावला तर चटका बसण्याइतके ते तापलेले असायचे. कारण समजायला मला फार उशीर लागला. लिव्हर ‘खाली’ स्थितीत असताना पहिल्या तोटीतले तेल टाकीत परत जाते हे खरे, पण त्याच वेळी पंपाचे तेल दुसऱ्या तोटीकडे वळते. त्या तोटीला माझ्याकडे काहीच जोडलेले नव्हते, म्हणून ते तेल बंद दारावर आदळून १५० बारला रिलीफ व्हॉल्व्हमधून निसटत होते. ट्रॉली देणाऱ्याने किंवा ट्रॅक्टरच्या विक्रेत्याने हे एका वाक्यात सांगितले असते तर तीन आठवडे पंपाला विनाकारण झिजवावे लागले नसते.

उपाय लिव्हरमध्येच होता. ‘खाली’च्याही पुढे ढकलला की तो फ्लोट स्थितीत अडकतो, जिथे दोन्ही तोट्या टाकीला जोडल्या जातात आणि पंपाचे तेलही मोकळेपणाने टाकीत फिरते. फ्लोटमध्ये आवाज नाही आणि तापणेही नाही. पण फ्लोटमध्ये उतरण्याच्या वेगावर हाताचा ताबाही राहत नाही, आणि अर्धा भरलेला हौदा एकदा ज्या धडाक्याने चेसिसवर येऊन बसला तो आवाज मला आजही आठवतो. त्यानंतर मी जॅकच्या तोंडाशीच वेग आवरणारा एकतर्फी व्हॉल्व्ह बसवून घेतला. जाताना तेल मोकळे जाते, परत येताना त्याला बारीक वाटेतून यावे लागते. तो जॅकच्या तोंडाशीच हवा, ट्रॅक्टरच्या टोकाला नको, कारण मधली नळी फुटली तर हौद्याला आवरणारे दुसरे काहीच उरत नाही. ज्यांच्या लिव्हरला फ्लोट नाही त्यांनी एकतर्फी जॅकसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवून घेतल्याशिवाय ट्रॉली जोडू नये असे माझे ठाम मत आहे.

या व्हॉल्व्हने एक नवा प्रश्न आणला, तो म्हणजे थंड सकाळी रिकामा हौदा उतरायला मागत नाही. हौदा पूर्ण उभा असताना त्याचे बरेचसे वजन बिजागरीवर असते आणि जॅकवर अगदी थोडे येते. त्यात तेल घट्ट झालेले आणि वाट बारीक, त्यामुळे तो वरच अडून राहतो. मी आता स्क्रूने कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह लावला आहे आणि थंडीत तो थोडा सैल ठेवतो. शिवाय पहिल्या खेपेपूर्वी रिकामा हौदा निम्म्यापर्यंत दोनदा वरखाली करतो, म्हणजे नळीतले तेल कोमट होते.

तेलाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. छोट्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकचे आणि गिअरबॉक्सचे तेल बहुधा एकच असते, आणि ट्रॉलीचा जॅक त्यातले दोन लिटर काढून घेतो. पातळी आधीच खालच्या खुणेजवळ असेल आणि ट्रॅक्टर चढावर तिरका उभा असेल, तर पंप हवा ओढू लागतो आणि तेलाला फेस येतो. मी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) नेहमी हौदा खाली असताना पाहतो. हौदा वर असताना पातळी कमी दिसते म्हणून कोणी तेल ओतले, तर हौदा उतरल्यावर ते प्रमाणाबाहेर जाते. दुसरी गोष्ट म्हणजे जॅकमध्ये आधीपासून असलेले तेल. माझी ट्रॉली नवीन होती, तरी चाचणीसाठी तिच्यात कोणते तरी काळपट तेल भरले होते. ते मी बादलीत काढून टाकले आणि मगच नळी ट्रॅक्टरला जोडली, कारण जे जॅकमध्ये आहे ते पहिल्याच उतरणीला गिअरबॉक्समध्ये जाणार असते. ज्यांना अनेक ट्रॅक्टरांमागे एकच ट्रॉली फिरवायची आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष गांभीर्याने घ्यावी.

कपलरवर, म्हणजे नळी तोटीला जोडणाऱ्या तोंडावर, बसणारी धूळ मला सर्वांत जास्त खटकते. नळी सोडून ड्रॉबारवर (ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या दांड्यावर) टाकली की तिच्या तोंडावरच्या तेलाच्या पातळ थरावर बारीक रेती चिकटते. बोटाने पुसली तर पिठासारखी लागते, पण जोडताना तीच रेती थेट आत ढकलली जाते. मी सीटमागे स्वच्छ सुती फडके ठेवले आहे, दोन्ही तोंडे पुसल्याशिवाय जोडत नाही, आणि सोडल्यावर लगेच टोपण लावतो. उन्हात उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या नळीत तेल प्रसरण पावून दाब साचतो आणि मग कपलर कितीही जोर लावला तरी बसत नाही. यावर हातोडी चालवू नये. नळी सोडण्यापूर्वी हौदा पूर्ण टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवला आणि ट्रॉली सावलीत लावली की हा त्रास जवळजवळ उरत नाही.

चौथ्या महिन्यात ओल्या चिकण मातीने मला चांगलाच धडा दिला. कोरडी वाळू ३५ अंशांच्या आसपास आपोआप घसरते आणि माझा हौदा ४८ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे माती अडेल असे मनात आले नव्हते. हौदा पूर्ण उभा राहिला, मागची निम्मी माती पडली आणि पुढचा गोळा वरच चिकटून राहिला. मी ट्रॅक्टर जरा पुढे घेऊन झटका दिला आणि तो गोळा एकदम सुटून फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या दारावर) येऊन आदळला. त्या क्षणी सगळे वजन धुऱ्याच्या मागे गेले, ड्रॉबारने ट्रॅक्टरचे मागचे टोक वर उचलले आणि मागची चाके जमिनीवर हलकी झालेली मला सीटवर स्पष्ट जाणवली. ट्रॅक्टर सपाटीवर होता म्हणून निभावले. उतारावर मागच्या चाकांची पकड सुटणे म्हणजे ब्रेक सुटणे, कारण ब्रेक त्याच चाकांना आहेत. आता ओली माती मी निम्मीच भरतो, भरण्यापूर्वी तळाला कोरड्या वाळूचा हात फिरवतो, फाळका आधी पूर्ण उघडतो आणि झटका कधीही देत नाही. हुकाची पिनही कुलूपकडीने अडकवलेली असते, म्हणजे ड्रॉबार वर उसळला तरी ती निसटत नाही.

रिकामी करण्याची जागा आडव्या बाजूने सपाट असलीच पाहिजे. उभ्या हौद्यात मालाचा मध्य बराच वर गेलेला असतो, आणि एका बाजूचे चाक नुसते खड्ड्यात असले तरी ट्रॉली कलंडायला तेवढे पुरते. वर विजेच्या तारा नाहीत हेही दर वेळी मान वर करून पाहावे.

उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते हे आठशे किलोच्या ट्रॅक्टरला विसरता येत नाही, कारण माल आणि ट्रॉली मिळून दीड टनाच्या आसपास जातात. मी चढायला जो गिअर लागला असता तोच उतरताना आधीपासून टाकतो, चारही चाकांचा ड्राइव्ह चालू ठेवतो म्हणजे इंजिनचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो, आणि दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने एकत्र जोडतो. क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर उतरणे मी कधीही केलेले नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असलेलीच घेईन. या ट्रॉलीतली माझ्या दृष्टीने हीच खरी उणीव आहे.

देखभाल फारशी नाही. बिजागरीला आणि जॅकच्या दोन्ही पिनांना दर आठवड्याला ग्रीस लागते. सहाव्या महिन्यात नळी ड्रॉबारच्या वळणावर घासून आतली तार दिसू लागली होती, ती लगेच बदलली आणि नव्या नळीवर जाड रबरी आवरण चढवले. तेलाची गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा; दाबाखालची सुईएवढी धार कातडीतून आत शिरते आणि जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी गंभीर असते.

गेल्या दोन आठवड्यांपासून जॅकच्या दांडीवर तेलाचा ओलसर कडा दिसतो आहे आणि अर्ध्यावर थांबवलेला हौदा पाच मिनिटांत चार बोटे खाली येतो. बाहेरचा ओलावा दांडीच्या सीलमधून येतो हे उघड आहे, पण हौदा खचण्यामागे ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून आतल्या आत जाणारे तेलही असू शकते. म्हणून येत्या आठवड्यात जॅकच्या तोंडाशी बंद करता येणारी तोटी बसवून, ती बंद ठेवून हौदा खचतो का ते पाहणार आहे. तोवर उभ्या हौद्याखाली जायचे झाले तर हौदा रिकामा करून, चेसिसवरचा लोखंडी टेकू उभा करून आणि हौदा त्यावर बसवूनच मी खाली वाकतो.