जपानी लोककथांचा कामिशिबाई संच: चौकट उत्तम, तात्पर्याच्या पट्ट्या काढून टाका

कामिशिबाई म्हणजे लाकडी चौकटीतले चित्रांचे पुठ्ठे एकेक करून ओढत सांगायची गोष्ट. 1930 च्या सुमारास टोकियोत गोळ्याबिस्किटं विकणारे सायकलवर अशी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरत. आधी गोळी घ्यायची, मग गोष्ट ऐकायची. टीव्ही आला आणि रस्त्यावरचा धंदा बसला. वाचनालयांत नि बालवाड्यांत मात्र प्रकार टिकला. या संचात तीन दारांची चौकट, वाजवायला लाकडी टिपऱ्यांची जोडी, चार कथा आणि मराठी मजकुराच्या चिठ्ठ्या आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचनालयांच्या बालविभागांनी घ्यावा असा आहे, पण थोडी डागडुजी करून.

आधी चिठ्ठ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. पुठ्ठा ओढून मागे सारला की त्याची पाठ सांगणाऱ्याकडे येते. म्हणून दुसऱ्या चित्राचा मजकूर पहिल्या पुठ्ठ्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या, आणि पहिल्या चित्राचा सर्वांत शेवटच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर लागतो. ज्याच्या त्याच्या पाठीवर चिकटवलात तर गोष्ट एक चित्र मागे पडते आणि मुलं लगेच ओरडतात. पातळ डिंक वापरू नका, पुठ्ठा वाकतो. ग्लू स्टिक बरी. जागा भरपूर आहे, तेव्हा शेजारी कन्नड मजकूरही लावावा. आपल्याकडच्या मिश्र वर्गांत तो लागतोच.

लॅमिनेशनचा मोह टाळा. उजेड चमकून मागच्या मुलांना चित्र दिसत नाही, पुठ्ठे एकमेकांना चिकटतात, आणि जाडी वाढल्याने सोळा पुठ्ठ्यांची कथा खाचेत मावत नाही. खानापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठे वाकणार आणि लाकडी खाच फुगणार हे धरूनच चाला: पुठ्ठे आडवे, वर वजन ठेवून, आणि खाचेत मेणबत्ती घासून. चौकट मोडलीच तर गावातला सुतार सहज करून देईल. पुठ्ठा साधारण 26 बाय 38 सेंटीमीटरचा आहे. खाच 27 सेंटीमीटर उंच आणि दोन सेंटीमीटर खोल हवी, समोरची खिडकी पुठ्ठ्यापेक्षा चहूबाजूंनी सेंटीमीटरभर लहान, आणि एक बाजू पूर्ण उघडी. पंचवीसेक मुलांपुरतं हे चालतं. जास्त असतील तर दोनदा सांगा.

आता कथा. टोपीवाल्या जिझोची कथा संचातली सर्वांत चांगली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी गवती टोप्या विकायला गेलेला म्हातारा एकही न खपता बर्फातून परततो. वाटेत जिझोच्या, म्हणजे वाटसरूंना नि मुलांना सांभाळणाऱ्या बौद्ध बोधिसत्त्वाच्या, सहा मूर्ती उभ्या. तो पाच टोप्या पाच मूर्तींना घालतो आणि सहाव्या मूर्तीला स्वतःच्या डोक्याचं फडकं बांधतो. जन्माच्या सहा गतींसाठी सहा जिझो ही बौद्ध कल्पना त्यामागे आहे; मुलांना ती सांगायची गरज नाही. भातशेतीच्या गावात इरलं पाहिलेल्या पोरांना टोपीचं मोल कळतं. घरी बायको रागावत नाही, बरं केलंत म्हणते. ही जागा चिठ्ठीत एका ओळीत उरकली आहे. ती लांबवा, कारण जपानी कथेचा सगळा जीव तिथे आहे: घरात तांदूळ नाही, तरी दोघांना दिल्याचं समाधान आहे.

जीभ कापलेल्या चिमणीची कथा वडगाव-शहापूरच्या मुलांसमोर रंगते, कारण चिमणी खाते ती खळ, आणि विणकराच्या घरात खळ काय असते ते समजावून सांगावं लागत नाही. म्हातारी चिडून जीभ कापते. चिमण्यांच्या घरी गेलेला म्हातारा दोन पेटाऱ्यांतला हलका उचलतो, कारण आता जड झेपत नाही. आपला विनय तो असा वयावर ढकलतो, हे फारच छान. म्हातारी जड पेटारा आणते आणि वाटेतच उघडते. इथे पुठ्ठा अर्धाच ओढून थांबा. झाकण उचललेलं दिसतं, आतले साप नि भुतं दिसत नाहीत. जीभ कापण्याचं चित्र मात्र चार वर्षांच्या मुलांसमोर झर्रकन ओढून घ्यावं.

उराशिमा या कोळ्याची कथा तात्पर्याने बिघडवली आहे. चिठ्ठी म्हणते, ‘आज्ञा मोडू नये.’ त्याने कासवाला वाचवलं, समुद्राखालच्या महालात राहिला, परतला तर गावात कोणी ओळखीचं नाही; ‘उघडू नकोस’ म्हणून महालातून दिलेली डबी उघडली आणि क्षणात म्हातारा झाला. यात गुन्हा कोणता? आठव्या शतकातल्या जुन्या रूपात तर मुलांनी छळलेलं कासवच नाही. उराशिमा स्वतःच कासव पकडतो आणि त्याची स्त्री होते. उपकाराची फेड कथेत मागाहून शिरली. उरते ती गेलेल्या काळाची हळहळ, आणि जपानी माणसं ती तशीच राहू देतात. शेवटचा पुठ्ठा लावून चार श्वास गप्प राहा, मग दारं बंद करा. चारही कथांच्या चिठ्ठ्यांवरच्या तात्पर्याच्या पट्ट्या कात्रीने कापल्या तरी मजकुराचं काही बिघडत नाही.

मोमोतारोवर आमचं मत विभागलेलं आहे. पीचमधून जन्मलेला पोरगा भरडधान्याचे गोळे वाटून कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना सोबती करतो, राक्षसांच्या बेटावरून खजिना आणतो. चित्रं झकास, मुलं खूश. पण या संचात राक्षसांनी कुणाचं काय बिघडवलं ते एकाही पुठ्ठ्यावर नाही. जपानी विचारवंत फुकुझावा युकिची यांनी 1871 मध्ये आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या धड्यांत हाच आक्षेप घेतला होता: दुसऱ्याचा खजिना आणणारा मोमोतारो चोरच. पुढे महायुद्धात याच पोराला प्रचाराला जुंपलं, 1945 चा अ‍ॅनिमेशनपटही निघाला. पाचवीच्या पुढच्या वर्गात वाद घालायला ही कथा घ्यावी; बालवाडीत नेणार असाल तर राक्षसांनी गाव लुटल्याची दोन वाक्यं पहिल्या चित्राच्या मजकुरात घाला.