सात महिने, सहा पुस्तकं आणि कोपरखैरण्याची गच्ची

नोव्हेंबरात वाशीच्या एका दुकानातून लेकीसाठी ग्रहताऱ्यांच्या सहा छोट्या पुस्तकांचा संच घेतला. तेव्हा ती तिसरीत होती. प्रत्येक पुस्तक 24 पानांचं, अक्षर मोठं, गोष्टबिष्ट नाही, सरळ माहिती. आता जून उजाडलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

सूर्यमालेचं पुस्तक चाळताना आधी मलाच खटकलं. सगळे ग्रह एका ओळीत, एकमेकांना खेटून. पण शेवटच्या पानावर एक उपक्रम आहे, त्या एका पानात पैसे वसूल झाले. सूर्य फुटबॉलएवढा धरला तर पृथ्वी मोहरीचा दाणा. मी मिसळणाच्या डब्यातून मोहरी काढून दिली. लेकीने फुटबॉल सोसायटीच्या गेटपाशी ठेवला आणि टेपने मोजत निघाली. 24 मीटर! पार पंपरूमपर्यंत पोचली. तळहातावर दाणा, तिथून 6 सेंटीमीटरवर, मनगटाजवळ पेनाचा ठिपका, तो चंद्र. "आई, आपण सगळे ह्याच्यावर?" एवढंच म्हणाली आणि कितीतरी वेळ गेटकडे बघत राहिली.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते चंद्राचं पुस्तक. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो असं वाचल्यावर तिने पौर्णिमेपासून चार दिवस पारसिकच्या डोंगरावर नजर ठेवून वेळा टिपल्या. एकदा फरक 58 आला. 'साधारण' म्हणजे काय, ते मला समजवावं लागलं नाही.

ताऱ्यांचं पुस्तक मात्र आपल्याकडच्या मुलांचा विचार करून लिहिलेलं वाटत नाही. चित्रात शेकडो तारे, आमच्या गच्चीवरून दिसतात बोटांवर मोजण्याइतके. शिवाय ओरायन आहे, मृग नाही; सिरियस आहे, व्याध नाही. जानेवारीत सासूबाईंनी तिला गच्चीवर नेलं आणि व्याधाने मारलेला, मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला. तेव्हा कुठे ते पान तिचं झालं. मराठी पुस्तकात ही नावं हवीतच. आम्ही ती पेन्सिलने लिहून घेतली.

शनीचे चंद्र 82 छापलेत; पुढे ते 146 झाले आणि मार्च 2025 मध्ये 128 नव्यांची भर पडून 274 झाले, तशी चिठ्ठी चिकटवलीय. बांधणी कच्ची, चंद्राची पानं तिसऱ्या महिन्यातच सुटली.

7 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी जरूर घ्या. सुटी मिळत असतील तर सूर्यमाला आणि चंद्र आधी. ताऱ्यांचं पुस्तक थंडीत काढा, आजी-आजोबा घरी असतील तेव्हा.