डाएट डबा सहा आठवडे खाल्ला, त्याची ही हकिगत

डबेवाल्यांचं नाव देत नाही. ज्या तक्रारी केल्या त्यातल्या निम्म्या त्यांनी पुढे दुरुस्त केल्या, आणि परळ-दादर-प्रभादेवीकडे ‘न्यू मॉम’ म्हणून डबा देणारे आता इतके झालेत की एकाचं नाव घेतलं तर बाकीचे उगाच सुटतील. माझा डबा परळच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरून यायचा. रोज दोन खेपा. साडेअकराला दुपारचं जेवण आणि चारचं खाणं, सातला रात्रीचं. रविवारी सुट्टी. चोवीस दिवसांचे ९,१२० रुपये, म्हणजे दिवसाला ३८०, सगळे आगाऊ.

गरोदर राहिले तेव्हा मी ६१ किलो होते, नवव्या महिन्यात ७६, बाळाला घेऊन घरी आले तेव्हा ७०. मग चार महिने काटा ६९ वर रुतून बसला. ‘अंगावर पाजलं की आपोआप उतरतं’ असं बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईने सांगितलं होतं. माझं काही उतरेना, कारण पाजून उठले की लागायची तिला भूक म्हणत नाहीत, भस्म्या म्हणतात. त्यात राहायला लालबागला. चिवडा गल्लीतला तळणाचा वास सातव्या मजल्यापर्यंत येतो असं मी म्हणते, नवरा म्हणतो तुला येतो.

जूनच्या मध्यावर, चिऊ चार महिन्यांची झाली तेव्हा, डॉक्टरांना विचारून डबा लावला. त्या म्हणाल्या, “खुशाल लाव, पण आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त उतरायला लागलं तर मला फोन कर.” हे एक वाक्य पदराशी होतं म्हणून निभावलं.

आधी चवीचं सांगते, कारण स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हाताला खरोखर चव आहे. शेपू-मूगडाळीची भाजी मी माहेरी कधी तोंडात घेतली नव्हती. यांच्याकडची, लसणाची फोडणी दिलेली, दोनदा मागून घेतली. मुगाचं धिरडं, दुधी किसून घातलेलं थालीपीठ, ज्वारीच्या कण्या ताकात कालवून वर जिरं-हिंगाची फोडणी, या तीन गोष्टींसाठी मी आजही पैसे मोजीन. रात्रीचं सूप मात्र भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. आणि बुधवारी क्विनोआचा मसालेभात यायचा, त्याचं प्रयोजन मला शेवटपर्यंत कळलं नाही. वरीचे तांदूळ काय वाईट होते?

आता स्टिकरचं. झाकणावर तारीख, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि खाली जाड अक्षरांत ‘दिवसाचे एकूण १२०० कॅलरी’. पहिले दोन दिवस मी तो आकडा कौतुकाने वाचला. तिसऱ्या दिवशी बाळ झोपलं असताना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता काढून बसले. बँकेत नोकरी करते, बेरीज-वजाबाकी जमते. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला त्यावर आणखी ६००. म्हणजे २२६०. अर्ध्या किलोसाठी रोजचे पाचशे कमी करायचे म्हटले तरी साडेसतराशे उरतात. माझ्या डब्यात बाराशे! साध्या वजन उतरवायच्या डब्यावर ‘न्यू मॉम’ लिहून, दोन खारका टाकून तोच डबा मला पाठवला जात होता. खारका खरंच दोन असायच्या. मोजल्यात.

तरी दोन आठवडे रेटलं, कारण काटा हलत होता आणि हलणारा काटा बघितला की शहाणपण गहाण पडतं. पहिल्या आठवड्यात १ किलो ४००, दुसऱ्यात ७००. नवरा म्हणाला, “अगं, गाल बसले तुझे.” मला ते कौतुक वाटलं. लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाळासकट पायरीवर बसले, तेव्हा ते कौतुक नव्हतं हे कळलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘डाएट केलं की दूध आटतं’ असं घरात सगळे म्हणत होते, पण माझं तसं झालं नाही. चिऊचे ओले लंगोट दिवसाला सहाच्या खाली गेले नाहीत, लसीच्या वेळी वजनही नीट वाढलेलं निघालं. बाळ आपल्या वाटणीचं ओढून घेतं. दूध आटलं नाही, मी आटले.

डबेवाल्यांच्या डाएट मॅडमना व्हॉट्सॲपवर लिहिलं की रात्री तीनला पाजून झाल्यावर हात थरथरतात. उत्तर आलं, ‘पाणी प्या. रात्रीची भूक ही सवय असते.’ खाली फुलाचं चित्र. हा निरोप मी तीन वेळा वाचला, दर वेळी रात्री तीनलाच.

त्या वेळेला आमच्या घराचं काय चित्र असतं ते सांगते. खाली रस्ता ओला, समोरच्या गणपतीच्या कारखान्यात एक पिवळा बल्ब चालू, प्लास्टिकखाली बिनरंगाच्या मूर्ती रांगेत बसलेल्या. चिऊ दूध पिऊन मुठी उघड्या टाकून झोपलेली. घसा असा कोरडा की जीभ टाळूला चिकटते, आणि पोटात खड्डा. मी ओट्यापाशी अंधारात सासूबाईंचा लाडवांचा डबा उघडते. ते झाकण इतकं घट्ट की उघडताना टणकन वाजतं आणि आतल्या खोलीतून आईंचा आवाज येतो, “घे गं, दोन घे.” डिंकाचा लाडू दातांखाली आधी रवाळ लागतो, मग फुललेला डिंक कुरकुरतो, शेवटी खसखस आणि सुंठेचा जाळ. लाडू काट्यावर ठेवून बघितला, चाळीस ग्रॅम. खोबरं, तूप, गूळ धरून दोनशेच्या आसपास कॅलरी होत असतील. पंधरा दिवस मी तो चोरून खाल्ला आणि सकाळी ३८० रुपयांच्या डब्यापुढे अपराध्यासारखी बसले.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मॅडमना वगळून थेट स्वयंपाकवाल्या ताईंना फोन लावला. मी रडकुंडीला आले होते. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “बाळ रात्री किती वेळा उठतं?” तीन, म्हटलं. “मग बाराशेवर कसं भागेल? मला कोणी सांगितलंच नाही पाजतेयस म्हणून. माझ्याकडे नुसता डब्याचा नंबर येतो.” फॉर्मवर बाळाचं वय मी लिहिलं होतं. तो फॉर्म स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून डबा बदलला. दोन पापुद्र्यासारख्या फुलक्यांच्या जागी ज्वारीची नाहीतर नाचणीची जाड भाकरी. वरणाची वाटी मोठी, उसळ रोज. सुपाला रामराम, त्याऐवजी मुगाची खिचडी आणि दही. आणि सातच्या खेपेला एक वेगळा छोटा स्टीलचा डबा, त्यावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं, ‘रात्री ३’. कधी आळिवाचा लाडू, कधी भाजलेले शेंगदाणे-फुटाणे आणि खजूर, कधी नाचणीच्या सत्त्वाची कोरडी पूड, दुधात कालवायला. याचे दिवसाला ५० रुपये जादा. डब्याचं डिपॉझिटही पन्नासच.

नाचणीबद्दल एक. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० लागतं. नुसत्या भाकरीवर ते भागत नाही, दूध-दही किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवावी लागते. ‘आमच्या डब्यात सर्व पोषण’ या त्यांच्या जाहिरातीवर विसंबून मी गोळी आठवडाभर बंद केली होती. तो गाढवपणा माझा.

प्रथिनांत डबा अजूनही लंगडा आहे. पहिल्या सहा महिन्यांत रोजची जादा गरज सतराएक ग्रॅमची. पूर्ण शाकाहारी डबा, अंड्याचीही सोय नाही, त्यामुळे दोन उकडलेली अंडी मी घरची घ्यायचे. मासळीवरून घरात वेगळंच महाभारत. आई मालवणच्या, बाळंतिणीला मोरी खाऊ घातली नाही तर त्यांना पाप लागतं. मोरी म्हणजे शार्कच, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो म्हणून पाजताना तो टाळायला सांगतात. “आम्ही काय मेलो?” हा प्रश्न अपेक्षित होता. शेवटी बांगडा आणि मांदेलीवर तह झाला. पण जून-जुलै म्हणजे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजं मिळेल त्या दिवशी मिळेल. त्यामुळे आषाढात आमचं घर सुकटीवर आणि मी उसळीवर.

डबेवाल्यांनी वाल, छोले, फ्लॉवर यादीतून उडवले होते, ‘बाळाला गॅस होतो’ म्हणून. गॅस आईच्या आतड्यात होतो, तो दुधात उतरत नाही. लसणाचा वास-चव उतरते म्हणतात, पण चिऊला त्याचं काही नाही. वालाचं बिरडं मी घरी केलं, दोघी शांत झोपलो.

ज्या गोष्टीवर मी अजून चिडलेली आहे ती म्हणजे काढ्याची पुडी. पॅकेजसोबत ‘स्लिमिंग हर्बल काढा’ म्हणून तीस पुड्या फुकट. जेवणाच्या डब्यावर परवाना क्रमांक छापणाऱ्यांनी या पुडीवर घटकसुद्धा लिहिले नव्हते. विचारलं तर ‘सगळं नैसर्गिक आहे, मॅम’. धोतराही नैसर्गिकच असतो. अशा चहा-काढ्यांत बरेचदा सोनामुखी असते, म्हणजे रेचक. डॉक्टरांनी पुडी बघून कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. तीसच्या तीस गेल्या. पॅकेज घ्याल तर निदान एवढं करा, पुडीवर घटक छापलेले नसतील तर पाण्यात टाकू नका.

पोचवण्याबद्दल तक्रार करू म्हटलं तर जीभ रेटत नाही. जुलैत एकदा हिंदमाताला नेहमीप्रमाणे गुडघाभर पाणी, साडेअकराचा डबा अडीचला आला. आणणारा पोरगा चड्डीपर्यंत भिजलेला, डबा मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत कोरडा. कोशिंबिरीला पाणी सुटलं होतं, ताक आंबलं होतं. तोवर मी उपमा करून खाल्ला होता. त्या दिवशीचे पैसे त्यांनी न मागता पुढे वळते केले. काळे प्लास्टिकचे डबे मात्र बदलायला हवेत. गरम वरण त्यात ओतलं की वास येतो, आणि घरी रोज चार डब्यांचा ढीग.

हिशोब असा. बदललेल्या डब्यावर पुढच्या चार आठवड्यांत १ किलो ८०० ग्रॅम उतरले, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोच्या जरा आत, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं. ६९ ची ६५.१ झाले. वाढवलेले दोन आठवडे धरून एकूण खर्च १४,८८० रुपये. एवढ्या पैशांत घरी पोळी-भाजीला बाई लावता आली असती हे नवऱ्याने एकदा सांगून बघितलं. खरं आहे ते. पण बाई रात्री तीनला काय खायचं ते चिकटपट्टीवर लिहून ठेवत नाही.

घ्यावा का? घरात करणारं कोणी असेल तर गरज नाही. आई करून घालतात ते आणि हा डबा यात, लाडवातलं तूप सोडलं, तर फार फरक नाही. दोघांचंच घर असेल, बाळ मांडीवरून उतरत नसेल आणि दुपारी तीनला आपण सकाळपासून चहा-बिस्किटांवर आहोत हे लक्षात येत असेल, तर घ्या. पण स्टिकरवरचा आकडा आधी विचारा आणि अठराशेच्या आसपास नसेल तर भाकरी वाढवून मागा. मॅडमशी बोलू नका, स्वयंपाक करतात त्यांचा नंबर मागा. बाळ दीड-दोन महिन्यांचं असेल तर सध्या वजनाचं नावच काढू नका, पोटभर जेवा. जेवणाला चार तारे. पॅकेज म्हणून दोन.

रजेचे सव्वीस आठवडे संपले. दोन बाळंतपणाआधी घेतले होते, त्यामुळे चिऊ साडेपाच महिन्यांची असतानाच मी फोर्टला रुजू झाले. डबा बंद केला. ‘रात्री ३’वाला स्टीलचा डबा तेवढा माझ्याकडे राहिलाय. ताईंचा दोनदा फोन येऊन गेला. आईंनी त्यात लाडू भरून ठेवलेत आणि त्याचं झाकण वाजत नाही, म्हणून पन्नास रुपयांवर मी पाणी सोडलंय.